साखरबाईचा बुटका बाक

मित्रांनो, मला बघायचं असेल तर मान जरा खाली घाला. अजून थोडी खाली. खुर्चीच्या बसण्यापेक्षा पुष्कळ खाली आणि दाराच्या उंबऱ्यापेक्षा जेमतेम वर, तिथं मी असतो. मी सागाच्या जुन्या फळीचा एक बुटका बाक आहे. उंची एक वीत. लांबी इतकी की एकाने ऐसपैस बसावं आणि दुसरं कुणी आलंच तर खेटून बसावं. सध्या माझा मुक्काम बोईसरमध्ये, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत आहे. शोभेच्या वस्तूंत मला आजवर कुणी धरलं नाही. पण मी स्वतःला कमी समजत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर झाला. त्याआधी मी होडीची फळी होतो. पंढरी नावाचा एक मासेमार होता, त्याची ती होडी. ती जुनी होऊन तळाशी कुजली तेव्हा तिची लाकडं सुटी करण्यात आली आणि त्यातली बहुतेक चुलीत गेली. मी दणकट होतो म्हणून पंढरीच्या बायकोने, साखरबाईने, मला बाजूला ओढून काढलं. सुतारासमोर मला आपटून ती म्हणाली, "बाजारात बसायला काय तरी करून दे. उंच नको. मासळीवर हात पोचला पायजे." सुताराने मला तासलं आणि दोन्ही टोकांना जाड, आखूड पाय ठोकले. होडीच्या खिळ्यांची भोकं त्याने बुजवली नाहीत. कडेचा निळा रंगही पुरता निघाला नाही. मला ते आवडलं.

तेव्हापासून मी सफाळ्याच्या बाजारात बसू लागलो. म्हणजे साखरबाई माझ्यावर बसू लागली. पहाटे गावातल्या बायका टोपल्या घेऊन टेम्पोने यायच्या, आणि सूर्य वर येईपर्यंत बोंबील, मांदेली, कोळंबी मांडून तयार असायच्या. समोर मासळी, मागे मी. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ती मासा उचलायची, कल्ला उघडून दाखवायची, परत ठेवायची, आणि यासाठी तिला एकदाही वाकावं लागायचं नाही. माझी उंची अशी तोलूनमापून ठरलेली होती. बाजूच्या बायका कुणी उलट्या टोपलीवर बसायच्या, कुणी विटांवर. त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "तुजं बरं हाय बाय, राणीवानी बसतेस." हे ऐकलं की माझ्या लाकडाला आतून ऊब यायची.

त्या बाजारात एक रीत होती आणि ती तुम्हांला सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळे झाला. जिची जागा ती तिची, आणि जिचं बसणं तेही तिचंच. साखरबाई पाणी प्यायला गेली, तरी तिच्या बाकावर दुसरी बाई टेकायची नाही. दुसऱ्याच्या बसण्यावर बसलं की त्याचं गिऱ्हाईक तुटतं अशी त्यांची समजूत होती. पाय कितीही भरून आले तरी त्या उभ्या राहायच्या, पण माझ्यावर बसायच्या नाहीत. मलाही या गोष्टीचा गर्व होता. मी एकाच माणसाचा होतो.

मासे विकणं हे साखरबाईचं अर्धं काम आणि माणसांशी बोलणं हे उरलेलं अर्धं. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाच्या नवऱ्याची नोकरी सुटली, कुणाची सासू आजारी आहे, हे तिला खालून वर मान करून विचारायची सवय होती. मला तेवढ्या उंचीवरून गिऱ्हाइकांचे फक्त पाय दिसायचे. मी चपलांवरून गिऱ्हाइकं ओळखायचो आणि त्यात कधी चुकत नसे.

मग पंढरी गेला. त्याने नंतर घेतलेली होडी दुसऱ्याची झाली. साखरबाई तरीही पुष्कळ वर्षं बाजाराला जात राहिली, पण तिच्या उजव्या गुडघ्याने हळूहळू साथ सोडली. एकदा ती टेम्पोतून उतरताना पडली, आणि त्यानंतर बाजार सुटला. मला घरी आणून ओटीवर ठेवलं. तिथं माझ्यावर जाळ्याचे तुकडे पडले, रिकामे डबे पडले, पुढे शेजारची कोंबडी अंडी घालायला माझ्याखाली येऊ लागली. मला फार वाईट वाटायचं. माणसाचं वजन पेलणाऱ्याला कोंबडीचा आडोसा व्हावं लागलं, तर दुसरं काय वाटणार?

साखरबाईचा मुलगा बळवंत बोईसरजवळच्या कारखान्यात पाळीने काम करतो. त्याची बायको रूपाली केळव्याची. या दोघांनी इथं घर घेतलं तेव्हा रूपालीचा सगळा जीव या बाल्कनीत होता. हे मी तिच्याच तोंडून ऐकलं आहे, कारण शेजारच्या बाल्कनीतल्या वर्षाराणीशी ती रोज कपडे वाळत घालताना बोलते. वर्षाराणी सांगलीकडची, तिचे यजमान वीज केंद्रात नोकरीला आहेत. बोलायला लागली की तिच्या हातातला कपडा हातातच वाळतो.

बाल्कनी म्हटलं तर आहे, म्हटलं तर नाही. एका टोकाला कपडे धुण्याचं यंत्र, दुसऱ्या टोकाला तुळस, वर दोऱ्या. मध्ये उरते ती दोन माणसं बसतील एवढी जागा. त्यात काय ठेवायचं यावर रूपालीने खूप विचार केला होता. झोपाळा तिला आवडायचा, पण पहिल्याच झोक्याला पाय समोरच्या भिंतीवर आपटले असते. वेताच्या खुर्च्यांना पावसाळ्यात बुरशी धरते. प्लास्टिक उन्हाने फुटतं. लोखंडाच्या खुर्च्यांचं तिने जवळजवळ नक्की केलं होतं, तेवढ्यात वर्षाराणी म्हणाली, "लोखंड घिऊ नका ताई. आमच्याकडं लोखंडी खुर्ची आजोबापासनं नातवापर्यंत चालती. हितं एका पावसाळ्यात तिचं पापुद्रं सुटलं." खरंच आहे. इथल्या हवेत समुद्राचं मीठ आहे आणि कारखान्यांचा धूरही. म्हणून तर बिल्डरनेही बाल्कनीला लोखंडी जाळी न लावता छातीपर्यंत सिमेंटची भिंतच बांधून टाकली आहे.

शेवटी रूपालीने लाकडाच्या, घडी होणाऱ्या दोन खुर्च्या पसंत केल्या. बळवंत पाळीवरून आला की दोघांनी तिथं बसून चहा प्यायचा, एवढीच तिची हौस होती. खुर्च्यांचा फोटो तिने मोबाइलमध्ये जपून ठेवला होता.

पण खुर्च्या यायच्या आधी साखरबाई दातिवऱ्याला पुन्हा पडली. या वेळी ती घरात एकटी होती आणि शेजारच्यांना कळेपर्यंत बराच वेळ गेला. बळवंत गेला आणि तिला घेऊन आला. तिच्याबरोबर त्याने मलाही आणलं. जाळी झटकली, डबे बाजूला केले, कोंबडीला हाकललं आणि मला खांद्यावर घेतलं. मला तर तो क्षण अजून आठवतो. बाल्कनीत मला टेकवून तो रूपालीला म्हणाला, "आयेला खुर्चीत बसायची सवय नाय. जनम गेला तिचा ह्या बाकावर. तिला इथं आपलं वाटंल."

रूपालीने माझ्याकडे बघितलं. मी बसल्यावर मध्ये उरलेली जागा संपली होती. ती म्हणाली, "बरं." एवढंच. मग तिने फडकं ओलं करून मला कोपऱ्या-कोपऱ्यांतून पुसलं. तिला वाईट वाटलं असणार, पण तिने ते फडक्याला कळू दिलं नाही.

आणि घरात पहिल्या दिवसापासून तीच जुनी रीत सुरू झाली. आईच्या बाकावर कुणी बसायचं नाही. रूपाली लसूण सोलायला जमिनीवर बसायची. बळवंत दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा. मान म्हणून जे काही देता येईल ते सगळं त्यांनी दिलं. मी तर खूश होतो. माझं माणूस मला परत मिळालं होतं.

साखरबाई सकाळी येऊन बसायची, भिंतीकडे तोंड करून. दुपारी जेवून परत यायची. संध्याकाळी दिवा लागेपर्यंत तिथंच. तिच्या अंगावरचं मांस कमी होत चाललंय हे मला वजनावरून कळत होतं, पण कारण कळत नव्हतं. सकाळच्या वेळी खालच्या रस्त्यावरून एका मासळीवालीची हाक यायची, "बोंबील, मांदेली, कोलंबी." त्या वेळी साखरबाईचं वजन माझ्यावर एका बाजूला झुकायचं. कंपन्यांच्या बस यायच्या, भाजीच्या गाड्या यायच्या, बायका भाव करायच्या, हसायच्या. ती ऐकत राहायची. कधी भिंतीला धरून उभी राहायची, पण गुडघा ठणकायला लागला की लगेच खाली बसायची.

"आई, काय हवं नको ते सांगा ना," रूपाली म्हणायची.

"काय नको. सगळं हाय," साखरबाई म्हणायची.

काही महिन्यांनी तिने एका जेवणाच्या वेळी सांगून टाकलं, "मला दातिवऱ्याला सोड. इथं करमत नाय."

बळवंत घास तसाच धरून बसला. गावच्या घरात कुणी नव्हतं. ती पुन्हा पडली तर या वेळी शेजारच्यांना वेळेत कळेलच याची खात्री नव्हती. हे तिलाही ठाऊक होतं, तरी ती हट्टाला पेटली. दोन वेळा भांडण झालं, दोन वेळा रडणं झालं, पण ती मागे हटेना. शेवटी बळवंतने येत्या रविवारची गाडी सांगितली. त्या दिवशी तो बाल्कनीत येऊन हळू आवाजात रूपालीला म्हणाला, "तू काय बोललीस का तिला?"

रूपालीचा चेहरा मला खालून स्पष्ट दिसत होता. ती म्हणाली, "मी? मी काय बोलणार?" आणि आत निघून गेली. मित्रांनो, काही न करता दोष अंगावर येतो तेव्हा माणसाला कसं वाटतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. ती आत भांडी घासत होती आणि एकच पातेलं किती तरी वेळ घासत होती.

रविवार आला. साखरबाई आतल्या खोलीत लुगडी घड्या करून पिशवीत भरत होती. मीही तिच्याबरोबर जाणार होतो, मला बांधायला दोरी काढून ठेवली होती. रूपाली बाल्कनी धुवायला आली. पाणी मारून झालं, खराटा भिंतीला लावला. डोळ्यांना पदर लावून ती खाली बसली. जमीन ओली होती म्हणून असेल किंवा तिचं लक्षच नव्हतं म्हणून असेल, ती माझ्यावर बसली.

साखरबाईशिवाय दुसऱ्या कुणाचं वजन मी तोवर पेललं नव्हतं. मला खरं तर राग आला.

रूपालीने डोळे पुसले आणि समोर बघितलं. समोर सिमेंटची भिंत होती. तिने मान उंच केली, तरी भिंतच. डावीकडे कपडे धुण्याचं यंत्र, उजवीकडे तुळस, वर दोऱ्यांमधून दिसणारा आभाळाचा एक पट्टा. खालून बसचा भोंगा ऐकू आला. कुणीतरी हसलं. मग ती हाक आली, बोंबील, मांदेली, कोलंबी. रूपालीने सवयीने आवाजाकडे बघितलं आणि तिला पुन्हा भिंतच दिसली.

मग तिने हाक मारली, "अहो, इकडं या जरा."

बळवंत दारात आला आणि दचकला. "अगं, आयेचा बाक हाय तो."

"म्हणूनच म्हणते. तुमी बसा याच्यावर."

"मी? नाय नाय."

"बसा म्हणते ना."

ती उठली. बळवंत दाराकडे एकदा बघून, चोरी केल्यासारखा माझ्यावर टेकला. रूपालीने काही समजावून सांगितलं नाही, आणि त्याची गरजही पडली नाही. बळवंतने भिंतीकडे बघितलं. हात पुढे केला आणि भिंतीला लावला. हात सहज पोचत होता. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"इतके दिवस ती हेच बघत बसली होती," तो म्हणाला.

मित्रांनो, साखरबाई रोज माझ्यावर बसत होती आणि मला हे कधी जाणवलं नव्हतं. मला बाजारात वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांचे पायच दिसत आले होते, त्यामुळे भिंतीचं मला काही वाटलं नाही. बाजारात मी बुटका असणं हा माझा गुण होता, कारण तिथं माणसंच तिच्यापुढे येऊन उभी राहायची. इथं माणसं भिंतीपलीकडे होती. माझी तीच एक वीत उंची इथं तिच्या आड आली होती. एवढा मान देऊन जपलेल्या त्या बाकावर कुणी एकदा, अगदी पाच मिनिटं जरी, बसून पाहिलं असतं तरी हे कळलं असतं.

रूपालीने स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आणली. मला पायाने बाजूला सारलं आणि खुर्ची भिंतीजवळ ठेवली, वर उशी टाकली. मी कोपऱ्यात यंत्राला टेकलो. माझं काम संपलं हे मला कळलं. मला पुन्हा जाळी दिसली, डबे दिसले, कोंबडी दिसली.

"आई, जरा बाहेर या."

"गाडी आली काय?" साखरबाई भिंत धरत धरत आली. खुर्ची बघून थांबली. "आनी माजा बाक?"

"आज इथं बसा. माझ्यासाठी."

दोघांनी हात धरून तिला बसवलं. उशीमुळे ती उंच झाली आणि तिची हनुवटी भिंतीच्या वर आली. पण पाय लोंबकळू लागले. दुखरा गुडघा अधांतरी राहिला आणि तिचं तोंड वेदनेने वाकडं झालं. ती उठायला लागली. "नाय गो, मला हे जमत नाय."

रूपालीने इकडेतिकडे बघितलं. मग तिने मला ओढलं आणि साखरबाईच्या पायांखाली सरकवलं.

तिची दोन्ही पावलं माझ्यावर आली. भेगा पडलेली, रुंद, किनाऱ्यावर चालून चालून चपटी झालेली ती पावलं. गुडघा ठरला. तिने एक मोठा श्वास सोडला, तो मला तिच्या टाचांतून कळला.

मला खालच्या रस्त्यावरचं काही दिसत नव्हतं. मी फक्त तिचं बोलणं ऐकलं. आधी ती बराच वेळ नुसती बघत होती. मग एकदम रस्त्यापलीकडे हाक मारून म्हणाली, "ए बाय. ते बोंबील उन्हात कशाला मांडलेस? सावलीला सरक जरा."

खालची हाक थांबली. "कोन बोलतंय?"

"वर बघ. मी साखरबाई, दातिवऱ्याची. सफाळ्याला बसायची बाजाराला."

"मी ठमी. मी तर वरीस झालं हितंच बसते, मेडिकलच्या पायरीजवळ. तुमी कुठं होत्या इतके दिस?"

साखरबाईच्या पायांची बोटं माझ्यावर घट्ट आवळली गेली.

"हितंच होती गो," ती म्हणाली. "भिंतीच्या मागं."

तेवढ्यात गाडीवाल्याचा फोन आला. बळवंतने आईकडे बघितलं. ती तिकडे बघतच नव्हती. ठमीने बोंबील सावलीला नेले का, हे ती मान लांब करून पाहत होती. "त्याला सांग आज नको," ती म्हणाली. "चार दिस बघते."

रूपाली तिच्याजवळ उकिडवी बसली. "आई, एवढे दिवस सांगितलं का नाय? नुसतं म्हणायचं होतं, काय दिसत नाय म्हणून."

साखरबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "काय सांगू? बळवंतानं गावाहून बाक खांद्यावर आनला. तुमी कोन बसत बी नव्हते त्याच्यावर, येवढा मान. आनी मला वाटलं, म्हातारपनी असंच असतं. भिंतीकडं बघून बसायचं."

हे ऐकून रूपाली रडली आणि बळवंत आत पाणी प्यायला गेला. मलाही रडू आलं असतं, पण लाकडाला ती सोय नाही.

त्या चार दिवसांचं काय झालं ते तुम्हांला कळलंच असेल. पुढच्या सुट्टीला ती तिघं फर्निचरच्या दुकानात गेली. परत आल्यावर रूपालीने वर्षाराणीला जे सांगितलं ते ऐकून मी मनात हसलो. साखरबाईने म्हणे दुकानातली प्रत्येक खुर्ची उलटी करून बघितली, सांध्यांना नखाने खरवडलं, आणि मासळी निवडावी तशी चार बाजूला काढून त्यातल्या दोन घेतल्या. प्रत्येकीवर ती आधी बसली, मग रूपालीला बसवलं. "दुकानदार कंटाळला," रूपाली म्हणाली. "पण आई म्हणाल्या, बसायचं आमाला हाय, त्याला नाय." त्या लाकडी, घडीच्याच खुर्च्या आहेत आणि नेहमीपेक्षा जरा उंच आहेत. वर्षाराणीला त्या इतक्या आवडल्या की तीही तशाच घेणार आहे.

आता सकाळी एका खुर्चीत साखरबाई असते आणि दुसरीत जो मोकळा असेल तो. बळवंत पाळीवरून आला की साखरबाई मुद्दाम आत जाऊन पडते आणि म्हणते, "मला झोप आली." तिला त्या वेळी कधीच झोप येत नाही. तेवढा वेळ ती दोघं चहा पितात. दुपारी मासळी संपली की ठमी वर येते. तिला मात्र खुर्ची नको असते. ती सरळ माझ्यावर बसते, साखरबाईच्या पावलांशेजारी, आणि रीत मोडली म्हणून कुणी तिला बोलत नाही. मीसुद्धा नाही.

माझं आता वय झालं आहे. एक पाय किंचित डुगडुगतो, तो कुणीतरी ठोकून द्यावा एवढीच माझी स्वतःसाठी मागणी आहे. दुसरी मागणी तुमच्याकडे आहे, मित्रांनो. तुमच्या घरातही कुणाची तरी ठरलेली जागा असेल. खिडकीखालची खाट असेल, कोपऱ्यातली आरामखुर्ची असेल, दारामागचं स्टूल असेल. त्या जागेला तुम्ही मान देत असाल, तिथं कधी बसत नसाल. आज ते माणूस पाणी प्यायला उठलं की तिथं बसा आणि समोर बघा. काहीच दिसत नसेल, तर ते माणूस परत यायच्या आत उठा आणि त्याच्यासाठी दुसरी जागा शोधायला लागा.